दुकान तिघांचे, रिटर्न एकाचे

जून महिन्यात शाळा सुरू झाली की शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. अर्जात पालकाचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न असे दोन रकाने असतात. नोकरदारांची मुले ते दोन मिनिटांत भरून देतात. अडते ते दुकानदारांच्या घरातील मुलांचे. ‘अब्बा काय करतात?’ ‘दुकानात बसतात.’ ‘दुकान कुणाचे?’ ‘आमचेच. म्हणजे मोठ्या चाचांच्या नावावर आहे.’ ‘मग अब्बांचे उत्पन्न किती लिहायचे?’ मूल गप्प होते. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः येतात आणि तेही गप्प होतात. वीस वर्षे रोज सकाळी शटर वर करणाऱ्या माणसाला आपले उत्पन्न सांगता येत नाही, कारण कुठल्याच कागदावर ते त्याचे नसते.

यात कुणाची लबाडी असते असे नाही. अब्बांनी बेकरी, भंगाराचे गोदाम, गाद्यांचे दुकान किंवा चार यंत्रमाग सुरू केले. परवाना आणि बँकेचे खाते थोरल्या मुलाच्या नावावर काढले, कारण तेव्हा तोच सज्ञान होता. पुढे जीएसटी आला, तोही त्याच्याच पॅनवर. धाकटे दोघे शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसू लागले आणि तिथेच राहिले. घरखर्च एकत्र, चूल कधी एक कधी तीन. रात्री हिशेब झाला की ज्याला लागेल तो गल्ल्यातून घेतो. घरात सगळ्यांना ठाऊक असते की दुकान तिघांचे आहे. आयकर खात्याला मात्र ते एकाचे दिसते.

आमच्या समाजात हा प्रश्न अधिक जाणवतो, त्याला कायद्याचे एक कारण आहे. आयकर कायदा ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ हा एक स्वतंत्र करदाता मानतो. त्याला वेगळा पॅन मिळतो, त्याचे वेगळे रिटर्न भरता येते. मुस्लिम कुटुंबाला ही सोय नाही, कारण आपल्या वारसा कायद्यात जन्माने मिळणारी सामाईक मालमत्ताच नाही. वडील हयात असेपर्यंत मालमत्ता त्यांची. त्यांच्यानंतर प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला आणि वेगळा. म्हणून एकत्र चालवलेला धंदा कायद्याच्या डोळ्यांना दोनच रूपांत दिसतो. एक तर तो कुणा एकाच्या मालकीचा असतो, किंवा भागीदारीचा. ‘घरचा धंदा’ असा तिसरा रकाना कुठल्याही फॉर्मवर नाही.

भागीदारी म्हटले की लोकांना मोठ्या कंपन्यांचे व्याप आठवतात. प्रत्यक्षात 1932 चा भागीदारी कायदा अगदी सोपा आहे. दोन किंवा अधिक माणसांनी धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार केला आणि सगळ्यांच्या वतीने तो धंदा चालवला, की भागीदारी झाली. करार तोंडीही चालतो. पण तोंडी करारात काय ठरले होते हे सिद्ध झाले नाही, तर कायदा स्वतःचे नियम लावतो, आणि ते नियम अनेकांना चकित करतात. सर्वांचा हिस्सा समान धरला जातो, मग भांडवल कुणी कितीही घातलेले असो. दुकानात कष्ट केले म्हणून कुणाला पगार मागता येत नाही. भांडवलावर व्याजही मिळत नाही. थोरल्याने वीस वर्षे खपून दुकान उभे केले आणि धाकटा दोन वर्षांपूर्वी आला, तरी कागद नसेल तर दोघे सारखेच. कुणाला हे न्यायाचे वाटेल, कुणाला अन्यायाचे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद करावी, लिहिणाऱ्याने ती न्यायाने करावी आणि साक्षीदार ठेवावेत, हे सविस्तर सांगितले आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत आहे, हे आपल्या घराघरांत माहीत असते. तरी सख्ख्या भावाकडे कागद मागणे आपल्याला अपमानाचे वाटते.

आता कराचा हिशेब पाहू. येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ जण ती उलटी सांगतात. भागीदारी केली की कर वाचतो, असे सरसकट नाही. कित्येकदा तो वाढतो.

समजा, एका बेकरीचा वर्षाचा निव्वळ नफा 15 लाख रुपये आहे आणि ती तीन भाऊ चालवतात. सगळे थोरल्याच्या नावावर दाखवले, तर 2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेप्रमाणे त्याला 1,05,000 रुपये कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 1,09,200 रुपये भरावे लागतील. हुशार सल्लागार म्हणेल, धाकट्या दोघांना नोकर दाखवा, प्रत्येकी 5 लाख पगार द्या. मग थोरल्याचे उत्पन्नही 5 लाख उरते. नव्या रचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, म्हणून तिघांचा मिळून कर शून्य.

आता हाच धंदा भागीदारीत घेऊ. भागीदारी संस्था ही स्वतंत्र करदाता असते. तिला 4 लाखांची सूट नाही, 12 लाखांची सवलत नाही. तिच्या पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आणि वर उपकर. मात्र जे भागीदार प्रत्यक्ष काम करतात त्यांना दिलेला पगार नफ्यातून वजा होतो. त्याला मर्यादा आहे: पहिल्या 6 लाख नफ्यावर 90 टक्के किंवा 3 लाख यांपैकी जे जास्त असेल ते, आणि त्यापुढच्या नफ्यावर 60 टक्के. आपल्या बेकरीत ही मर्यादा 5,40,000 अधिक 5,40,000, म्हणजे 10,80,000 रुपये होते. प्रत्येक भावाला 3,60,000 रुपये पगार गेला. संस्थेकडे 4,20,000 रुपये उरले. त्यावर 1,26,000 कर, उपकरासह 1,31,040 रुपये. उरलेला नफा तिघांनी वाटून घेतला तर त्यावर पुन्हा कर नाही, कारण संस्थेने तो आधीच भरला आहे. भावांच्या पगारावरही कर नाही, कारण तो 4 लाखांच्या आत आहे.

म्हणजे एकीकडे शून्य आणि दुसरीकडे 1,31,040 रुपये. दर भावामागे वर्षाला 43,680 रुपये. सल्लागाराची बेरीज चुकलेली नाही. पण त्या शून्याची किंमत काय, हे त्याला कुणी विचारत नाही. धाकटे दोघे दरवर्षी स्वतःच्या सहीने सरकारला लिहून देतात की आम्ही या दुकानात नोकर आहोत. दहा वर्षांनी जागेची पागडी, दुकानाचे नाव, भट्टी, गिऱ्हाईक आणि उधारीची वही यांची वाटणी करायची वेळ आली, तर त्यांच्या विरोधात सर्वांत मोठा पुरावा त्यांचीच दहा रिटर्न असतील. पगार खरोखरच ठरला असेल आणि दुकान खरोखरच थोरल्याचे असेल, तर हा मार्ग अगदी सरळ आहे. हजारो दुकाने तशी चालतात. पण दुकान तिघांचे आणि कागद नोकरीचा, ही तडजोड करताना धाकट्यांना निदान ती समजावून तरी सांगितलेली असावी. बहुतेक घरांत त्यांना कोरा फॉर्म दाखवून सही घेतली जाते.

दुकान लहान असेल तर फरक फारसा राहत नाही. नफा 6 लाख असेल तर 5,40,000 पगारात जातात आणि संस्थेला उरलेल्या 60,000 वर 18,720 रुपये कर पडतो. नफा 3 लाखच असेल तर सगळा पगारात जाऊ शकतो आणि कर काहीच नाही. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची दुकाने याच पट्ट्यातली आहेत. त्यांना ‘कर वाढेल’ या भीतीने भागीदारी टाळण्याचे कारण नाही.

लहान दुकानांसाठी एक खड्डा मात्र आहे. वर्षाची उलाढाल 2 कोटींपर्यंत असेल, आणि रोखीची जमा 5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर 3 कोटींपर्यंत, अंदाजित उत्पन्नाची एक सोपी योजना घेता येते. वह्यांची कटकट नको. रोख जमेवर किमान 8 टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर किमान 6 टक्के नफा दाखवायचा. एकट्या मालकाला ही योजना सोयीची पडते. भागीदारी संस्थेला ती बहुधा महाग पडते, कारण अंदाजित नफ्यातून भागीदारांचा पगार वजा करता येत नाही. 40 लाखांच्या रोख उलाढालीवर 3,20,000 नफा धरला, तर संस्थेला 99,840 रुपये कर. तेवढाच नफा वह्या ठेवून दाखवला आणि 3 लाख पगार दिला, तर 20,000 वर फक्त 6,240 रुपये. शिवाय एकदा ही योजना घेऊन पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षे ती मिळत नाही आणि लेखापरीक्षण मागे लागू शकते. म्हणून भागीदारांनी पहिल्याच वर्षी साधी रोजकीर्द आणि खातेवही सुरू करावी. महिना दोन-तीन हजारांत हिशेब लिहून देणारी मुले आता प्रत्येक तालुक्याला मिळतात, आणि त्यांतली कितीतरी आपल्याच कॉमर्सच्या वर्गांतून बाहेर पडलेली असतात.

पगाराची वजावट मिळण्यासाठी करारपत्र लेखी हवे. त्यात प्रत्येकाचा हिस्सा आकड्यात लिहिलेला हवा, काम करणारे भागीदार कोण ते नावानिशी हवे, आणि पगार किती किंवा तो कसा मोजायचा हे हवे. ‘भागीदार आपसांत ठरवतील तो पगार’ असे गुळमुळीत वाक्य वजावट घालवू शकते. करारापूर्वीच्या महिन्यांचा पगार मागाहून दाखवता येत नाही. हिस्से बदलले, कुणी आला किंवा गेला, तर नवे करारपत्र. निबंधकाकडे संस्थेची नोंदणी करणे आयकरासाठी सक्तीचे नाही, पण ती करावी. नोंदणी नसलेल्या संस्थेतील भागीदाराला करारातला हक्क मागण्यासाठी दुसऱ्या भागीदाराविरुद्ध दावा लावता येत नाही. भागीदारी मोडून हिशेब मागण्याएवढाच रस्ता त्याला उरतो. म्हणजे भांडण मिटवायचे तर दुकानच मोडायचे.

तालुक्याच्या टंकलेखकाकडे करारपत्राचा जो छापील मसुदा असतो, त्यात एक ओळ हमखास असते: भागीदारांच्या भांडवलावर वार्षिक 12 टक्के व्याज द्यावे. आयकर कायद्यात 12 टक्क्यांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते, म्हणून ती ओळ मसुद्यात आली आणि तिथेच राहिली. व्याज टाळणारी कितीतरी माणसे न वाचता तिच्याखाली सही करून मोकळी होतात. ही ओळ सक्तीची नाही. ती खोडून टाकता येते, आणि मग कुणालाही व्याज मिळत नाही. वर सांगितल्याप्रमाणे भागीदारी कायद्याचा मूळ नियमही तोच आहे. थोडी करवजावट जाते एवढेच. ज्याचे भांडवल जास्त त्याचा नफ्यातला हिस्सा जास्त ठेवला की न्याय होतो. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे कष्ट, अशी मुदारबतची पद्धतही करारपत्रात बसते. भांडवल देणाऱ्याने तोटा सोसायचा असे आपसांत लिहिता येते. मात्र बाहेरच्या देणेकऱ्यांपुढे सर्व भागीदार सारखेच जबाबदार राहतात, हे कष्ट करणाऱ्याने लक्षात ठेवावे. शरीअतच्या बारकाव्यांसाठी मुफ्ती साहेबांना विचारावे, पण जाताना मसुदा बरोबर न्यावा.

करारपत्र झाले, संस्थेचा पॅन निघाला. आता रिटर्न किती? तीन भावांची बेकरी असेल तर चार. संस्थेचे आयटीआर-5, आणि प्रत्येक भावाचे आयटीआर-3. नफा असो, तोटा असो, संस्थेला रिटर्न भरावेच लागते. तोटा संस्थेच्याच नावावर पुढे ओढला जातो, भावाच्या दुसऱ्या उत्पन्नातून तो वजा होत नाही.

भावाच्या रिटर्नमध्ये गफलत होते ती ‘पगार’ या शब्दामुळे. आम्हा शिक्षकांना शाळेकडून फॉर्म 16 मिळतो, त्यातला पगार ‘वेतन’ या सदरात जातो आणि त्यावर नव्या रचनेत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. भागीदाराला संस्थेकडून मिळणारा पगार मात्र कायद्याच्या दृष्टीने वेतनच नव्हे. तो धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो आणि ती 75,000 ची वजावट त्यावर मिळत नाही. म्हणून भागीदाराला आयटीआर-1 चालत नाही, आणि साध्या दुकानदाराचे आयटीआर-4 ही चालत नाही. नफ्यातला वाटा करमुक्त असला तरी तो लिहायचा असतो. आयटीआर-3 मध्ये संस्थेचे नाव, पॅन, आपला हिस्सा किती टक्के, नफ्यातला वाटा किती रुपये आणि 31 मार्चला खात्यावर भांडवल किती, असा तक्ता आहे. करमुक्त म्हणून तो कोरा सोडणारे बरेच असतात. आमच्या मते सगळ्या रिटर्नमध्ये सर्वांत मोलाचा कागद तोच. दुकानात माझा तिसरा हिस्सा आहे, हे धाकट्या भावाने दरवर्षी सरकारला कळवल्याची ती नोंद असते.

1 एप्रिल 2025 पासून आणखी एक नियम आला आहे. संस्थेने भागीदाराला वर्षात 20,000 रुपयांपेक्षा जास्त पगार, बोनस, कमिशन किंवा व्याज दिले, तर त्यातून 10 टक्के टीडीएस कापून सरकारात भरायचा. नफ्यातल्या वाट्यावर कपात नाही. आपल्या बेकरीत प्रत्येकाच्या 3,60,000 मधून 36,000 कापले जातील. भावाला कर काहीच नसल्यामुळे ते परत मिळतील, पण रिटर्न भरले तरच. संस्थेला त्यासाठी टॅन क्रमांक काढावा लागतो आणि दर तिमाहीला विवरण द्यावे लागते. पगार हातात न देता नुसता भागीदाराच्या खात्यावर जमा केला तरी कपात लागते. 2025-26 चे रिटर्न भरताना हे पहिल्यांदाच समोर येत आहे, आणि वर्षभर कपात न करता मार्चमध्ये पगाराची एकच नोंद टाकणाऱ्या संस्थांची यंदा धावपळ चालली आहे.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याऐवजी नवा आयकर अधिनियम, 2025 लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले आहेत. पण 2025-26 या वर्षाचे रिटर्न जुन्या कायद्याप्रमाणेच आहे, त्यामुळे कुणी ‘आता सगळे बदलले’ म्हणून घाबरवले तर घाबरू नये.

कोकणातल्या घरांत याला एक वेगळी बाजू असते. दोन भाऊ रत्नागिरीत किंवा महाडला दुकान पाहतात, तिसरा कुवेतला किंवा दुबईला. दुकानाचे नवे फर्निचर, माल, कधी जागाच त्याच्या पैशातून झालेली. तो पैसा काय होता? देणगी, कर्ज की भांडवल? विचारा, तिघे तीन उत्तरे देतील. त्याला भागीदार केले तर त्याचे भांडवल खात्यावर दिसते. तो दुकानात काम करत नाही, म्हणून त्याला दिलेला पगार संस्थेच्या नफ्यातून वजा होणार नाही. त्याने नफ्यातला वाटा घ्यावा, तो त्याला इथे करमुक्त आहे. अनिवासी असेल तर तिथल्या नोकरीच्या पगारावर भारतात कर नाही. पैसा बँकेतून आलेला असावा, आणि अनिवासी भागीदाराचे नियम वेगळे असल्यामुळे करारपत्र करण्याआधी जाणकाराला दाखवावे. कर्ज असेल तर कर्ज लिहावे. करजे हसना देताना पुष्कळ जण नोटांची पुडकी हातात देतात. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेणे कायद्याला मान्य नाही, बिनव्याजी असले तरी नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. नेकी करावी, पण बँकेतून करावी.

आता एकट्याने कमावणाऱ्यांकडे येऊ. यात आपल्या भगिनी मोठ्या संख्येने आहेत: शिवणकाम, मेहंदी, डबे, केक. त्यांना आयटीआर-4 आणि वर सांगितलेली अंदाजित योजना पुरते. डॉक्टर, वकील, इंटिरियर डिझायनर आणि तांत्रिक सल्ल्याचे काम करणाऱ्यांसाठी वेगळी योजना आहे. त्यांना जमेच्या किमान निम्मे उत्पन्न दाखवावे लागते. 8 टक्के आणि 50 टक्के हे किमान आकडे आहेत. ज्या बहिणीची वर्षाची जमा 5 लाख आहे आणि हातात खरे 2 लाख उरतात, तिने 40,000 कशाला लिहावेत? 2 लाख लिहिले तरी कर शून्यच आहे. उलट मशीनसाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक रिटर्नवरचाच आकडा पाहते. कमी लिहिण्याची सवय जुन्या काळातली आहे, जेव्हा थोड्या उत्पन्नालाही कर लागत असे. ती आता स्वतःचेच नुकसान करते, सचोटीचा प्रश्न तर वेगळाच.

आणखी एक गैरसमज. ‘12 लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?’ कर नाही, पण नव्या रचनेत उत्पन्न 4 लाखांच्या वर गेले की रिटर्न सक्तीचे आहे. मुदत चुकली तर 31 डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते: उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000, त्याहून जास्त असेल तर 5,000 रुपये. बचत खात्यावरचे व्याजही रिटर्नमध्ये दाखवावेच लागते. ‘आम्ही ते वापरत नाही, सवाबची नियत न ठेवता गरिबांना देऊन टाकतो’ असे अनेक जण सांगतात. ते देऊन टाकावे, पण खात्याकडे बँकेने कळवलेला आकडा आधीच गेलेला असतो आणि वार्षिक माहिती विवरणात तो दिसतो. जकात दिली म्हणून उत्पन्न कमी होत नाही, आणि कर भरला म्हणून जकात माफ होत नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा, तारीखही वेगळी.

सर्वांत जास्त गुंता होतो तो मालकाच्या इंतकालनंतर. चाळीसावा होईपर्यंत दुकान बंद ठेवणे परवडत नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुले शटर उघडतात आणि मरहूम वडिलांच्याच पॅनवर, त्यांच्याच जीएसटीवर विक्री सुरू राहते. हे चालत नाही. वडिलांचे उत्पन्न 1 एप्रिलपासून त्यांच्या निधनाच्या दिवसापर्यंत मोजायचे, आणि ते रिटर्न वारसाने आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करून भरायचे. त्यापुढचे उत्पन्न धंदा चालवणाऱ्यांचे, त्यांच्या नव्या नोंदणीवर. वारशाने मिळालेला माल, पैसा, जागा हे उत्पन्न नाही, त्यावर आयकर नाही.

आणि त्या दिवसाच्या मालाची यादी करावी. धान्य किती, डबे किती, येणे किती, देणे किती, जागेचे डिपॉझिट किती. कर्ज, वसीयत वगैरे वजा जाता ही रक्कम सर्व वारसांची आहे: मुले-मुली असतील तर आईचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाच्या दोन वाट्यांना मुलीचा एक. दोन भाऊ आणि सासरी गेलेल्या दोन बहिणी असतील, तर त्या दोघींचा वाटा त्या दिवसापासून त्या मालात आहे. पण वारस म्हणून त्या आपोआप भागीदार होत नाहीत. भागीदारी कराराने होते, नात्याने किंवा वारशाने होत नाही, हे कायद्याने स्पष्ट लिहिले आहे. म्हणून भाऊ नवे करारपत्र करतात, त्यात दोनच नावे, आणि बहिणींचा वाटा दोघांच्या भांडवलात मिसळून जातो. बहिणींनी ‘माफ केला’ असे सांगितले जाते. कधी विचारले, काय उत्तर आले, हे कुणी लिहून ठेवलेले नसते.

एक रस्ता असा की यादीप्रमाणे बहिणींची रक्कम बँकेतून देऊन टाकावी आणि पावती घ्यावी. रक्कम लगेच देणे शक्य नसेल, तर ती त्यांच्या नावाने भांडवल म्हणून संस्थेत जमा करावी आणि त्यांना काम न करणाऱ्या भागीदार म्हणून घ्यावे. पगार फक्त भावांचा. बहिणींना नफ्यातला वाटा, जो त्यांच्या हातात करमुक्त येतो. जबाबदारी नको असेल तर ती रक्कम संस्थेने त्यांच्याकडून घेतलेले बिनव्याजी कर्ज म्हणून नोंदवावी, फेडीची तारीख घालून. जागा आईच्या नावावर असेल तर संस्थेने आईला रीतसर भाडे द्यावे. ते संस्थेचा खर्च म्हणून वजा होते आणि आईलाही त्यातल्या 30 टक्क्यांची सूट मिळते. यादीवर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, आणि तिची एक प्रत बहिणींच्या सासरी पाठवावी.